अंबादासनं नवरदेव पोचवला

चिंचखेड गावात एक भोळा भाचा होता. नाव अंबादास. वय तिशीच्या घरात, अंगानं धिप्पाड, मनानं लोणी. लहानपणापासून तो माणिकमामांकडंच वाढला. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. अडचण तीच होती. तो सांगितलेलंच करायचा.

माणिकमामांनी एक जुनी मोटार घेतली होती. मुलाचं, दिगंबरचं, लग्न ठरलं होतं, आणि नवरदेव घरच्या मोटारीतून मांडवापुढं उतरावा ही मामांची फार दिवसांची हौस. मोटार चालवणार अंबादास. चालवायचा मात्र झकास.

लग्नाचं कापड आणायला दोघं तालुक्याला गेले. दुकानात शिरताना मामा म्हणाले, गाडी चालूच ठेव, आलोच. कापड बघता बघता तास गेला. मामा बाहेर येतात तो बॉनेटमधून भसाभसा पांढरा धूर. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा वर गेलेला दिसला नाही का, असं त्यांनी विचारलं. दिसला, अंबादास म्हणाला, पण तुम्ही चालू ठेव म्हणालात.

मामांनी कपाळाला हात लावला. "हे बघ, काहीही तापलं की आधी बंद करायचं आणि मग मला येऊन सांगायचं."

अंबादासनं ते पक्कं लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मामी अंगणात बुंदी पाडायला बसली. चुलीवर कढईभर तेल ठेवलं आणि पीठ आणायला आत जाताना म्हणाली, तेल तापतंय का तेवढं बघ. तेल तापलं. अंबादासनं चुलीत घागरभर पाणी ओतलं आणि मामांना सांगायला शेतावर गेला.

तो परत आला तेव्हा मामी चुलीतला चिखल काढत होती. "अरे, तापलं की बंद नसतं करायचं. चांगलं तापू द्यायचं. धूर दिसला की मग सोडायचं."

अंबादासनं तेही लक्षात ठेवलं.

मग मामांनी त्याला पत्रिका वाटायला धाडलं. नदीच्या पुलावर बैलगाड्यांची गर्दी, मोटार मधोमध अडकली. काटा चढायला लागला. अंबादासनं तो चांगला चढू दिला. धूर दिसला, तशी त्यानं मोटार सोडली आणि चालत घरी आला.

"गाडी कुठाय?" मामांनी विचारलं.

"सोडली."

"सोडली म्हणजे?"

"पुलावर. धूर निघाला ना."

मामी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मामा सत्तार मेस्त्रींना घेऊन पुलावर गेले. मेस्त्रींनी बघितलं तर रेडिएटरचा फॅनच फिरत नव्हता. मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा लागायचा म्हणून गाडी बरी राहायची, उभी राहिली की तापायची. मेस्त्रींनी फ्यूजची डबी उघडली आणि फॅनचा फ्यूज उडालाय म्हणाले. हे ऐकल्याबरोबर अंबादास कठड्यावरून वाकून नदीत बघायला लागला. तिथं दिसेना म्हणून बाभळीवर चढला. त्याला खाली उतरवून मेस्त्रींनी समजावलं, उडाला म्हणजे जळाला. नवा फ्यूज बसला आणि फॅन भिरभिरला.

घरी मामीनं नवरदेवाचं जरीचं उपरणं उन्हात टाकलं होतं. वाऱ्याची झुळूक आली. मामा तेव्हा देवळात आमंत्रण द्यायला गेले होते. अंबादास धावत तिथं पोचला आणि उपरणं जळालं म्हणाला. मामा, गुरव आणि निम्मी आळी बादल्या घेऊन घराकडं पळाली. उपरणं शेजारच्या शेवग्यावर सुखात लोंबत होतं.

जळालं कुठं, असं मामांनी धापा टाकत विचारलं.

"उडालं," अंबादास म्हणाला. "म्हणजे तेच."

दिगंबर वडलांना हळूच म्हणाला, मी आपला टेम्पोनंच जातो. पण मामांची हौस फिटायची होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी फॅन पुन्हा बंद पडला. अंबादास गाडी मेस्त्रींकडं घेऊन गेला. ह्या खेपेला फ्यूज ठीक होता. गाडी तापली की फॅन सुरू करणारं बटणच गेलं होतं, आणि ते शहरातून मागवावं लागणार होतं. मेस्त्रींनी तात्पुरती सोय म्हणून फॅनची वायर थेट बॅटरीला जोडून दिली. मग अंबादासला समोर बसवून एकेक शब्द सावकाश सांगितला. "आता फॅन सारखा फिरत राहील. वाटेत इंजिन बंद केलंस तर तो बॅटरी खाईल आणि गाडी परत सुरू होणार नाही. म्हणून कुणी हात केला तरी थांबायचं नाही. घर आलं की थांबायचं, आणि वायर काढायची."

अंबादास कुठं थांबला नाही. गाडी थंडगार घरी आली. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, आज नीट काम केलंस, असंच करत जा. त्या दिवशी अंबादास दोन भाकरी जास्त जेवला.

लग्नाची सकाळ उजाडली. नवरीचं गाव धामणवाडी. मामा, मामी आणि वऱ्हाड टेम्पोनं पुढं गेलं. मागून अंबादासनं वायर जोडली आणि दिगंबरला नि त्याच्या बहिणीला, करवलीला, घेऊन निघाला. फॅन घुमत होता. काटा हलत नव्हता. दिगंबरलासुद्धा बरं वाटलं.

धामणवाडी आली. मांडवाच्या दारात बँड सुरू झाला. सवाष्णी पंचारती घेऊन पुढं झाल्या. मामा दोन्ही हात वर करून रस्त्यात उभे राहिले. अंबादासनं एका हातानं त्यांना नमस्कार केला आणि गाडी हळूच बाजूनं काढली.

"अरे थांब, आलं की," दिगंबर म्हणाला.

"घर कुठं आलंय?" अंबादास म्हणाला.

गावाला वळसा घालून त्यानं गाडी चिंचखेडच्या रस्त्याला लावली. करवली रडायला लागली. दिगंबर मुंडावळ्या सावरत मागं बघत राहिला. मागून टेम्पो येत होता. त्यात मामा-मामी, गुरुजी, व्याही, नवरी आणि तिच्या मैत्रिणी, आणि टपावर बँडवाले.

चिंचखेडला मामांच्या दारात गाडी थांबली. पाठोपाठ टेम्पो आला. गुरुजींनी घड्याळ बघितलं, मुहूर्त अजून टळला नव्हता. अंगणातच अंतरपाट धरला. जमले तेवढ्या लोकांनी अक्षता टाकल्या. जेवण मात्र धामणवाडीत राहिलं, आणि जेवणारेही.

सगळं पार पडल्यावर मामा गाडीपाशी आले. अंबादास मन लावून वायर काढत होता.

"अंबादास, तुला मांडव दिसला नाही?"

"दिसला की," अंबादास म्हणाला. "तुम्हीसुद्धा दिसलात. चांगला हात करत होतात. पण घर नव्हतं आलं, मामा."