उतारावरची वाटणी

एका डोंगराच्या कुशीत दाट जंगल होते आणि त्या जंगलातल्या एका उतारावर, एकाच बिळात, दोन साळिंदर भाऊ आणि थोरल्याची बायको-पिल्ले राहत असत. थोरला शांत होता. धाकटा तापट, कुणी नुसते "काय रे" म्हटले तरी त्याचे काटे ताठ होत. मग थोरला म्हणे, "पाड खाली. काटे आधी आणि डोकं मागून असं करत राहिलास, तर एक दिवस स्वतःलाच टोचून घेशील." आणि धाकटा मुकाट्याने काटे पाडत असे. मुलांनो, साऱ्या जंगलात धाकट्याला असे सांगू शकणारा तो एकटाच होता.

त्या जंगलाची एक चांगली रीत होती. दर वर्षी कार्तिकात प्रत्येक प्राणी आपापल्या कमाईतला वाटा एका गुहेतल्या कोठारात आणून टाकी. मुंगी एक दाणा आणी, म्हातारा गवा पाठीवर लादून आणी. कोठार कुणा एकाचे नव्हते, सगळ्यांचे होते. ते सांभाळायला एक शेकरू होते आणि ते इतके प्रामाणिक, की शेपटीत अडकलेला दाणाही झटकून परत ठेवी. पुढे चैत्रात सभा भरे. सकाळी आंब्याच्या झाडाखाली मोर पिसारा फुलवून शपथ सांगे आणि सगळे त्याच्यामागून म्हणत, "उतार राखू, झाडे राखू, झरा राखू!" शपथ झाली की जेवण. जेवण झाले की सावलीत डुलकी. आणि दुपार कलली की सगळे गुहेच्या गारव्यात जमत आणि कोणत्या कामाला कोठारातले किती दाणे द्यायचे, याची वाटणी करत. सकाळची शपथ तोवर जेवणाबरोबर जिरून गेलेली असे.

वाटणी दर वर्षी सारखीच. साळिंदरांच्या उतारावर रोपे लावायला एक दोणा दाणे. त्याच उतारातून गोड कंद खोदून काढायला चाळीस दोणे. यात कुणाच्या मनात पाप नव्हते. कंद सगळ्यांनाच आवडत, उन्हाळ्यात पिल्लांची पोटे त्यांवरच भरत. दोन्ही कामे साळिंदर भावांकडे असत, कारण त्यांच्यासारखी नखे कुणाला नव्हती. आषाढात दोघे रोपे लावत आणि मार्गशीर्षात तिथेच कंद खोदत.

एकदा खोदता खोदता थोरल्याने एक रोप मुळासकट वर काढले आणि ते दातांत धरून तो हसला. "धाकट्या, ओळखलंस का याला? आपणच लावलेलं हे."

"मग काय झालं?"

"लावल्याचे दाणे मिळाले, उपटल्याचेही मिळाले. दोन्ही एकाच कोठारातून! आपल्यासारखे नशीबवान आपणच."

धाकटा पोट धरधरून हसला. ते हसणे पुढे त्याला कुठल्याही काट्याहून जास्त टोचणार होते.

त्या वर्षी श्रावणात चार दिवस पाऊस थांबलाच नाही. पाचव्या दिवशी दुपारी जरा उघडीप झाली, तेव्हा धाकटा वहिनीला आणि तिच्या दोन पिल्लांना घेऊन झऱ्यावर गेला. थोरला म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी जरा पडतो." ते झऱ्यावर पोचले असतील नसतील, तोच मागे काहीतरी मोठे कण्हल्यासारखा आवाज झाला. धाकट्याने वळून पाहिले. समोरचा उतार जागेवर नव्हता. अर्धा डोंगर खाली आला होता, आणि बीळ होते तिथे ओला लाल चिखल होता.

तो दोन दिवस खोदत राहिला. नखे तुटली, तरी खोदत राहिला. गवा आला, रानडुकरीण आपली बारा पिल्ले घेऊन आली, त्यांनीही हात लावला. तिसऱ्या दिवशी चिखलात एक लांब काटा सापडला, काळा-पांढरा, थोरल्याचा. बाकी काही नाही. वहिनीने तो काटा धाकट्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "भावजी, आता पुरे. डोंगर केवढा, तुम्ही केवढे." धाकट्याने काटा दातांत धरला. तो रडला नाही. त्याचे काटे मात्र तेव्हापासून खाली बसले नाहीत, कारण "पाड खाली" म्हणणारे कुणी उरले नव्हते.

हिवाळा उपासातच गेला. साठवलेले दाणे बिळाबरोबर गाडले गेले होते आणि मोडलेली नखे नीट वाढली नव्हती. पिल्ले रात्री भूक लागली की कुरकुरत आणि वहिनी त्यांना पाला चघळायला देई. "चैत्रात वाटणी झाली की पोटभर खाऊ," ती त्यांना सांगे.

चैत्र आला. मोराने शपथेत थोरल्याच्या आठवणीची एक नवी ओळ घातली होती. ती ऐकून कितीतरी जणांचे डोळे पाणावले. मग जेवण झाले आणि डुलकीही झाली. धाकटा जेवला नाही, झोपलाही नाही. गुहेत सगळे जमल्यावर शेकरूने सांगितले, "रोपांना दर वर्षी एक दोणा असतो. थोरल्याच्या आठवणीने या वर्षी दोन. कंद खोदायला नेहमीप्रमाणे चाळीस."

"वा!" सगळे म्हणाले.

म्हातारा गवा मायेने धाकट्याकडे वळला. "पोरा, तू काळजी करू नकोस. खोदायचं काम यंदाही तुझंच. चाळीस दोणे म्हणजे वहिनी आणि पिल्लं वर्षभर सुखानं खातील. तुझ्या भावाची जागा आम्ही दुसऱ्या कुणाला देणार नाही."

गवा मनापासून बोलला होता आणि तेच धाकट्याला सोसले नाही. त्याच्या डोळ्यांपुढे दातांत रोप धरून हसणारा भाऊ उभा राहिला. त्याचे सगळे काटे खळ्ळकन वाजले. पुढचा मागचा विचार न करता त्याने रोपांसाठीचे दोन दोणे तोंडात धरले आणि तो गुहेतून बाहेर धावत सुटला.

"अरे, कोठार लुटतोय की काय हा!" रानडुकरीण ओरडली.

"धरा त्याला!" शेकरू किंचाळले. सगळे त्याच्या मागे धावले. गव्याच्या पाठीवर चाळीस दोण्यांची पाटी बांधून झाली होती, ती तशीच घेऊन तोही निघाला.

धाकटा थांबला तो थेट खचलेल्या उतारावर. त्याने दोन दोणे मातीवर ठेवले. धापा टाकत सगळे भोवती गोळा झाले.

"हे घ्या तुमचे दोन," धाकटा म्हणाला. "मला चोरायचे नव्हते. आजोबा, आता ते चाळीस द्या मला. पण इथे द्या. माझा दादा या मातीखाली आहे. त्याच्यावर उभे राहून सांगा, की धाकट्या, हे दोन घे नि उतार बांध, आणि हे चाळीस घे नि उतार फोड."

गव्याने एक पाऊल पुढे टाकले आणि त्याचा पाय गुडघ्यापर्यंत मातीत रुतला. दोन दगड सुटले आणि टप्पे खात खाली गेले. सगळ्यांच्या नजरा त्या दगडांमागून गेल्या. खाली, दगड थांबले तिथून चार हातांवर, वहिनीचे नवे बीळ होते आणि बिळाच्या तोंडाशी पिल्ले खेळत होती. त्याच्याही खाली आटत चाललेला झरा होता. रानडुकरीण घाईने आपली बारा पिल्ले मोजू लागली.

"शेकरूभाऊ," गवा हळूच म्हणाला, "उतार अजून असा सुटत चाललाय, हे तुम्हाला माहीत होतं?"

शेकरूने मान खाली घातली. "माझ्या हातून एक दाणा इकडचा तिकडे झाला नाही, आजोबा. पण गेलेला दाणा काय करून येतो, ते बघायला मी कधी गुहेबाहेर आलोच नाही."

"आम्ही तरी ते बघायला कुठे आलो," मोर पुटपुटला. त्याचा पिसारा केव्हाच मिटला होता.

पण रानडुकरीण होती रोखठोक. ती म्हणाली, "हे सगळं खरं रे बाबा. पण कंद नाही काढले, तर माझ्या बारा तोंडांत काय घालू? आणि काम गेलं, तर तू तरी काय खाशील? तुझ्या दादाची पिल्लं काय खातील?"

रागाच्या भरात धाकटा इथवर धावत आला होता. इथून पुढे कुठे जायचे, हे त्याने ठरवलेच नव्हते. "मला माहीत नाही," तो म्हणाला, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्याला रडू फुटले. "मला नाही माहीत. मला खोदण्याशिवाय दुसरं काही येत नाही."

तेवढ्यात गडबड ऐकून वहिनी वर आली होती. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याचे काटे अंगाला लागत होते तरी सरकली नाही. ती म्हणाली, "मग खोदाच, भावजी. खोदू नका असं कोण म्हणतंय? उतार अजून शाबूत आहे तिथे आडवे चर खोदा, पाणी अडेल असे. जिथे खचलाय तिथे झाडांसाठी खड्डे खोदा, कडेनं वाळा लावा, त्याची मुळं माती धरून ठेवतात. नखं तीच, दाणेही तेच. उभं फोडायच्या ऐवजी आडवं बांधायचं, एवढंच."

"आणि कंद?" रानडुकरिणीने विचारले.

"झऱ्यापलीकडच्या सपाटीवर आहेत की."

"ते कडू असतात गं!"

"दोन पाण्यांत उकडायचे. मी शिकवते."

रानडुकरिणीने आपल्या पिल्लांकडे पाहिले. मग ती म्हणाली, "कडू तर कडू. माझ्या कार्ट्यांना चव कुठे कळते." आणि सगळे हसले.

त्या दिवशी वाटणी उतारावरच झाली. गव्याने स्वतःच्या पाठीवरचे चाळीस दोणे उतार बांधायच्या कामाला दिले आणि रोपांसाठीचे दोन दोणे सपाटीवरचे कंद काढायला दिले. मग ठरले, की यापुढे वाटणी गुहेत करायची नाही. ज्या जागेसाठी दाणे, त्या जागेवर उभे राहून वाटायचे, आणि तेही जेवणाच्या आधी. मोर जरा नाराज झाला, कारण चढावर उन्हात उभे राहून लांबलचक शपथ म्हणायला कुणी तयार होईना. हळूहळू शपथ दोन शब्दांची झाली आणि मग बंदच पडली. कुणाला तिची उणीव भासली नाही.

पहिल्या पावसाळ्यात निम्मे चर वाहून गेले. धाकटा चिडला, काटे फुलवून डोंगरालाच शिव्या देऊन आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खोदायला लागला. दुसऱ्या पावसाळ्यात चर टिकले. तिसऱ्या वर्षी वाळ्याने माती धरली आणि झरा वैशाखापर्यंत वाहिला.

खड्डा किती खोल हवा, हे धाकटा थोरल्याच्या काट्याने मोजत असे. काटा पूर्ण बुडाला की खड्डा पुरेसा. एका आषाढात थोरल्याचे धाकटे पिल्लू त्याच्याबरोबर रोपे घेऊन आले. धाकट्याने काटा मातीवर टेकवला, तेव्हा पिल्लाने विचारले, "काका, बाबा इथेच खाली आहेत ना?"

"हो."

पिल्लू रोप खाली ठेवून जवळ सरकले. मग म्हणाले, "मग जरा बाजूला खोदू या. झाड मोठं झालं की त्यांच्यावर सावली पडेल."

धाकट्याने काटा उचलला आणि दोन पावले सरकून टेकवला. खाली वाकताना त्याचे काटे आपोआप पडले होते.

तात्पर्य : जपायचे काय, हे तोंडच्या शपथेवरून नव्हे, तर सगळ्यांच्या कोठारातले दाणे कुठे जातात त्यावरून ठरते, म्हणून ज्या डोंगराच्या आधाराने आपण राहतो, त्याला बांधायला एक दोणा आणि फोडायला चाळीस असे कधी वाटू नये, आणि फोडणाऱ्या हातांचे पोट न मारता त्यांनाच बांधायचे काम द्यावे.