ठशाला गेलेला तडा

सन १८८१, माघातली कडाक्याची थंडी. हरणगाव संस्थानात टांकसाळीचे कारभारी त्रिंबकराव यांचा मोठा तोरा होता. दरसाल नव्या ठशासाठी दरबारातून पैसे घ्यायचे, नाणी जुन्याच ठशावर पाडायची आणि ते पैसे व्याजाने लावायचे, हा त्यांचा उद्योग. गावाला माहीत होते, बोलत कोणी नव्हते. ठशाला तडा गेला होता, म्हणून प्रत्येक नव्या रुपयावरच्या सूर्याच्या चित्रावर, तोंडावरून एक उठावाची रेघ येई.

सगुणा तेलिणीने घाण्याचा बैल गहाण ठेवून त्यांच्याकडून चाळीस रुपये घेतले होते. मुदतीच्या दिवशी ती व्याजासह पैसे घेऊन आली. पण त्रिंबकरावांचा डोळा बैलावर होता.

त्यांनी एक रुपया उचलून चार लोकांना दाखवला. "ही रेघ बघा! खोटी नाणी आणलीस होय गं? बैल आता माझा. गुमान घरी जा, नाहीतर तुरुंगात जाशील."

"सगळ्यांवर रेघ आहे का, रावसाहेब?"

"सगळ्यांवर! अगदी एकाच जागी!"

"मग चला दरबारात," सगुणा म्हणाली. "मी जाते की तुरुंगात. फक्त टांकसाळीतला तुमचा ठसा बरोबर घ्या. त्याला तडा नसला, तर मी खोटी. यंदाचा नवाच असेल ना?"

जमलेल्यांत कोणीतरी मुद्दाम खोकले.

त्रिंबकरावांनी रुपये मोजून घेतले आणि बैलाचा कासरा सगुणाच्या हाती दिला. कर्ज फिटले.