कमान की संडास

"संडासावर आमच्या वडिलांचं नाव? बाई, शुद्धीवर आहात ना?" कोठावळे प्रतिष्ठानचे अध्यक्ष जयवंतराव कोठावळे यांनी अर्ज टेबलावर आपटला.

"मग नाव नका टाकू. बांधून तेवढा द्या," सुंद्राबाई म्हणाली.

आमच्या आठवडी बाजारात साठ-सत्तर बायका भाजी विकायला बसतात. सकाळपासून अंधार पडेपर्यंत त्यांना जायला जागा नाही, म्हणून भर उन्हातही त्या पाण्याचा घोट घेत नाहीत. अर्ज एवढ्यासाठीच होता, आणि तो सुंद्राबाईनं स्वतःच्या हातानं लिहिला होता. शाळा न पाहिलेल्या हातानं, पण एक काना चुकला नव्हता.

"नावाशिवाय आमचं प्रतिष्ठान वीटसुद्धा देत नाही," जयवंतराव गुरगुरले. "त्यापेक्षा बाजाराच्या तोंडाशी कमान मागा. वर आमच्या वडिलांचं, नानासाहेबांचं नाव, सोनेरी अक्षरांत! आत्ता सही करतो."

बरोबर गेलेल्या आम्ही चौघी खाली माना घालून उभ्या. सुंद्राबाईनं मात्र पदर खोचला.

"चालेल की. द्या कमान."

"आता कसं शहाण्यासारखं बोललात!" जयवंतरावांनी खुशीत पेनाचं टोपण काढलं. "बोला, कशी हवी?"

त्याच पेनानं मग बिननावाचा संडास मंजूर झाला, कारण सुंद्राबाई म्हणाली, "उंची तुमच्या मर्जीची ठेवा साहेब, पण खांब चांगले रुंद बांधा, म्हणजे नानासाहेबांच्या नावाखाली आम्हा सत्तर बायकांना आडोसा होईल."