कस्तुराची फी

नदीकाठच्या एका गावात भुजंगशेठ नावाचे रंगारी होते. कापड रंगवण्याचा त्यांचा मोठा कारखाना होता. त्यांच्या लाल लुगड्यांना दूरदूरच्या बाजारांत मागणी असे. तो लाल रंग त्यांच्या वडिलांनी बसवलेला, म्हणून शेठना त्याचा फार अभिमान.

त्या कारखान्यात कस्तुरा नावाची मुलगी आपल्या आईबरोबर कामाला येई. बारावी झालेली, हुशार. हा रंग उन्हात का विटतो, तो का टिकतो, असे प्रश्न ती सारखे विचारी. शेठना उत्तरे येत नसत, पण प्रश्न आवडत.

एकदा ते म्हणाले, "पोरी, याची उत्तरं शहरातल्या कॉलेजात मिळतील. जात का नाहीस?"

"तिथली फी आमच्या आवाक्यातली नाही, शेठ. आईनं जन्मभर रंगकाम केलं तरी पुरायची नाही."

शेठ म्हणाले, "फी कारखाना भरेल. तू शीक."

व्यापारी मित्रांनी त्यांना वेड्यात काढले. "निदान जन्मभर इथंच राबेन असं लिहून तरी घ्या!"

"लिहून घेतलं तर तिचं अर्धं लक्ष पुस्तकात आणि अर्धं माझ्याकडं राहील," शेठ म्हणाले. "मग अर्धी फी वायाच गेली की!"

फी वर्षागणिक वाढत गेली. शेठनी नवी मोटार घ्यायचा बेत पुढे ढकलला, पण फी थकवली नाही. कस्तुरा सुट्टीत आली की ते तिला चहा पाजत आणि काय काय शिकलीस ते विचारत. निम्मे कळत नसे, तरी कौतुकाने मान डोलावत.

अखेर ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन परतली. शेठनी गावभर पेढे वाटले आणि तिला कारखान्यात स्वतंत्र खोली दिली. कस्तुराने एकेक रंग तपासायला घेतला. मग एका सकाळी ती शेठपुढे येऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला होता.

"शेठ, आपला लाल रंग बंद करावा लागेल. तो पक्का बसावा म्हणून आपण जी पूड घालतो, ती विषारी आहे. बायकांच्या हातांना तिच्यामुळंच जखमा होतात. आणि हौदांतलं तेच पाणी नदीला जातं."

शेठ संतापले. "माझ्याच पैशानं शिकलीस आणि माझ्याच बापाच्या रंगाला नावं ठेवतेस?"

कस्तुराचे डोळे भरून आले, पण ती मागे सरली नाही. "गप्प राहायला शिकावं लागत नाही, शेठ. ते मला आधीपासूनच येत होतं. मग तुम्ही फी कशासाठी भरलीत?"

शेठ उठले आणि रंगाच्या हौदांकडे गेले. तिथे कस्तुराची आई, भागूबाई, लुगडे पिळत होती.

"भागूबाई, हात दाखवा."

तिने हात पदराआड घेतले. "काही नाही शेठ, रंगाचं काम म्हटल्यावर एवढं व्हायचंच."

शेठनी ते हात आपल्या हातांत घेतले. तळव्यांना भेगा पडल्या होत्या, बोटांच्या पेरांवर जखमा होत्या. इतकी वर्षे ते हे हात रोज पाहत होते. शेठची मान खाली गेली.

लाल रंग त्याच दिवशी बंद झाला. पुढचे वर्ष फार जड गेले. कस्तुराने मंजिष्ठा वेलीची मुळे आणि तुरटी वापरून दुसरा लाल रंग साधला, पण तो पहिल्याइतका भडक नव्हता. काही व्यापारी परत आले, काही आलेच नाहीत. बायकांचे हात मात्र हळूहळू भरून आले.

मग शेठनी कारखान्यात सांगून टाकले की ज्याला कोणाला शिकायचे असेल, त्याची फी कारखाना भरेल.

"एवढं नुकसान सोसून पुन्हा तेच?" मित्राने विचारले.

शेठ हसले. "अहो, आमच्या निळ्या रंगाबद्दल मला अजून कोणी काही सांगितलेलं नाही!"

तात्पर्य: दुसऱ्याला शिकवायला पैसा लागतो, पण त्याने शिकून सांगितलेले खरे ऐकून घ्यायला त्याहून मोठे मन लागते.