चहाच्या पेटीची दुसरी चावी

“...आता तुम्हीच सांगा बाबा, दुसरी चावी हवीच कशाला?”

एवढं विचारून केंकरेसाहेबांनी बूट काढले. खरं तर आधी बूट काढायचे आणि मग विचारायचं. पण मोठ्या साहेबांचं सगळं असंच, उलट्या टोकाकडून.

टेकडीवरचा तकिया. एक कडुनिंब, एक कबर, एक चूल आणि करीमशा फकीर. फकिराची कफनी इतकी विटलेली, की ती हिरवी आहे हे त्याच्या शब्दावर मानावं लागे.

“चावी कशाची जी?”

“आमच्या बँकेच्या तिजोरीची.”

“पेन्शन देते, तेच ब्यांक काय?”

साहेब हसले. इथं बदलीवर आल्यापासूनच्या सहा महिन्यांत हे हसू त्यांनी बरंच वापरलं होतं.

“नाही हो. आमच्याकडे तुमचंआमचं खातं नसतं. आम्ही बँकांची बँक. या सगळ्या भागाच्या नव्या नोटा आमच्याकडून निघतात, जुन्या आमच्याकडे येऊन मरतात. बाकीच्या बँका नीट वागतात का, ते आम्ही बघतो. आणि इथल्या शाखेचा प्रमुख मी.”

“म्हंजे व्याजाचा दर तुमी ठरवता.”

“तो मुंबईला ठरतो.”

“पन तुमाले आधी सांगत असतीन.”

“...टीव्हीवर कळतं.”

“मले भी,” बाबा खुशीत म्हणाले. “खालच्या न्हाव्याच्या दुकानात.”

ही बरोबरी साहेबांना काही रुचली नाही. ते चावीवर परत आले.

तिजोरीच्या दाराला दोन कुलपं. एक चावी साहेबांकडे, दुसरी खजिनदार टेंभुर्ण्यांकडे. एकट्यानं दार उघडत नाही, एकट्यानं बंदही होत नाही. रोज सकाळी दहाला दोघांनी दारापाशी उभं राहायचं, संध्याकाळी पाचला पुन्हा.

“टेंभुर्णे चोर हाये?”

“छे छे. अठ्ठावीस वर्षांची नोकरी. कुणी बोट दाखवलेलं नाही.”

“मंग?”

“हळू आहे! आधी चष्मा काढणार, मग पुसणार, मग चावी शोधणार. आणि मी शाखेचा प्रमुख, मी ताटकळत उभा! आता मीही मुद्दाम दहा मिनिटं उशिरा जातो. राहू दे उभा.”

“बोलता काय एकमेकांसंगं?”

“बोलायचंय काय? त्यानं चावी फिरवायची, मी फिरवायची.”

साहेबांनी खिशातून पाकीट काढलं. आत मुंबईला लिहिलेलं पत्र. दाराला एकाच चावीचं कुलूप बसवावं, ती चावी प्रमुखाकडे राहावी. सही झाली होती. आजच्याच टपालात पडायचं होतं.

“मले काहून दाखवता? मी तर अंगठा लावतो.”

साहेबांनी पाकीट हातातल्या हातात उलटंसुलटं केलं.

दाखवायला दुसरं कुणी नव्हतं, हे कसं सांगायचं? बायको-मुली तिकडे मालवणला. शहरातल्या बँकांचे मॅनेजर कमरेत वाकून नमस्कार करत, पण त्यांच्याकडे चहाला जायचं नाही. आज त्यांचा कप उचलला, तर उद्या त्यांच्याच तपासणीत शेरा कुठल्या तोंडानं मारायचा? हाताखालची माणसं साहेब दिसले की तोंडातलं वाक्य गिळत.

रोज चार वाजता केबिनमध्ये बशीनं झाकलेला एक कप येई. साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो पीत. परवा तर ते घड्याळाला म्हणाले, “आज साखर जरा जास्तच पडली.”

घड्याळानं काही मनावर घेतलं नाही. पण दारात फाईल घेऊन उभ्या असलेल्या ड्रायव्हर गणवीरनं ऐकलं. तो म्हणाला, “साहेब, टेकडीवर एक बाबा हाये. ऐकून घेते.”

“चहा घ्याल?” बाबांनी विचारलं.

“घेईन!” साहेब इतक्या चटकन म्हणाले, की त्यांचेच कान तापले.

बाबांनी चुलीवर पाणी ठेवलं आणि एक पत्र्याची पेटी पुढे ओढली. पेटीला दोन कुलपं. गळ्यातल्या चावीनं त्यांनी एक काढलं आणि खालच्या वाटेकडे बघत बसले.

पाणी उकळलं... उकळून आटायला लागलं.

“दुसरं कुलूप?” साहेबांनी विचारलं.

“ते उकंडाचं. वढ्यापल्याडच्या महादेवाचा गुरव.”

“यात ठेवलंय तरी काय?”

“चहापत्ती. साखर. दोन कप.”

साहेब खो खो हसले. “चहाला दोन कुलपं! इथं चोरणार कोण?”

“मी. आन् त्यो. दोघं भी लबाड! मी झोपलो का त्यो येकटाच पेये, त्यो पूजेले गेला का मी. मंग आनली पेटी.”

“आणि तो रोज येतो?”

“चाळीस वर्सं आला. येक उनाळा तर आमी बोलत नोतो. तरी येळेवर येये, कुलूप काढे, माह्याकडं पाठ करून चहा पेये, कप आपटून जाये.”

“आज उशीर झालाय मग त्याला.”

बाबांनी भांड्यात आणखी पाणी ओतलं.

“गेल्या पोळ्याले वारला...”

कडुनिंबावर एक कावळा बसला, काही न बोलता उडाला.

“अहो, मग कुलूप फोडू या,” साहेब म्हणाले. “गाडीत पाना आहे.”

“काहून फोडता? त्याच्या पोरानं चावी आनून देल्ली ना.”

बाबांनी गळ्यातला दोरा पुढे केला. एकाच दोऱ्यात दोन चाव्या.

“दोन्ही तुमच्याचकडे! मग उघडा की!”

बाबांनी दोरा काढला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला.

“उघडा, साहेब.”

साहेबांनी पाकीट खाली ठेवलं. वाकून दुसरी चावी उरलेल्या कुलपात घातली. पेटी समोर, चूल शेजारी, पाणी तयार. नुसतं मनगट वळवायचं होतं.

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा वाटेकडे बघत होते.

साहेबांचं मनगट वळलं नाही...

बऱ्याच वेळानं त्यांनी चावी काढली आणि दोरा परत बाबांच्या हातात दिला.

“किती वाजले जी?”

“साडेचार. पाचला तिजोरी...”

साहेब एकदम उठले. बुटाच्या नाड्या तशाच लोंबत्या ठेवून उतारावर आले. पाकीट चुलीजवळ पडलं होतं. त्यांनी वळून ते पाहिलं, पण उचलायला मागे आले नाहीत.

“साहेब!” वरून बाबांनी हाक मारली.

साहेब थांबले.

“टेंभुर्णे साखर किती घेते, तेवढं इचारून घ्या.”