चिकटपट्टीखालची बटणं

वाद्यं माणसांसारखी कडाकडा भांडत, त्या काळातली गोष्ट. एका बँडच्या खोलीत एक सिंथेसायझर होता. त्याच्या पोटात शंभर तयार आवाज होते. ते बिघडू नयेत म्हणून मालकाने त्याच्या फिरवायच्या बटणांवर चिकटपट्टी लावून टाकली होती.

एका लग्नात त्याने सनईचा आवाज काढला, तशी बँडमधली म्हातारी सनई कडाडली, "मेल्या, माझा गळा पळवलास! तुझं स्वतःचं काही आहे का रे?"

ते त्याच्या जिव्हारी लागलं. रागाच्या भरात त्याने चिकटपट्टी टराटरा ओरबाडून काढली आणि एकेक बटण फिरवायला घेतलं. आधी नुसता भुंगा घोंगावला, मग फुटका नळ खुरखुरला. ढोलकी खो खो हसली. पण हा हट्टाला पेटला होता. कोणतं बटण किती फिरवलं की काय होतं, ते ध्यानात ठेवत गेला. महिन्याने त्याच्यातून असा सूर निघाला, जो जगात कुणाचाच नव्हता. हसणाऱ्या ढोलकीने त्यावर ठेका धरला.

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या नकलाकार कोतवाल पक्ष्याने तोच सूर हुबेहूब काढला.

"चोरा! माझा आहे तो!" सिंथेसायझर किंचाळला. "महिनाभर झिजलोय त्यासाठी!"

"महिनाच ना?" सनई फणकारली. "मी साठ वर्षं झिजलेय."