मास्तरांची जागा

“मग मास्तर, प्रकाशनाच्या दिवशी तुमच्या जागी मी उभा राहू की नको?”

रेमंड लोपीसने पुन्हा विचारलं. बस्त्याव मास्तर चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

वसईतल्या घराच्या ओटीवर दोघंच बसले होते. मास्तर नुकतेच चर्चमधून, मिस्साच्या प्रार्थनेहून आले होते. पायातले चामडी बूट अजून उतरवले नव्हते. रेमंड कधी आला, ते त्यांना कळलंही नव्हतं. त्याच्या महागड्या पांढऱ्या बुटांचे तळवे रबरी होते.

मध्ये स्टुलावर एक देखणी पेटी. नमुन्याची. तिच्यातल्या चार सीडींत मास्तरांच्या जाझ बँडचं आयुष्यभराचं वाजवणं होतं, हॉटेलांतलं आणि रेडिओवरचं. झाकणावर मास्तरांचा तरुणपणीचा फोटो. त्याखाली ‘संकलन : रेमंड लोपीस’. अक्षरं फोटोपेक्षा थोडीच लहान.

पुढच्या महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये प्रकाशन. जुन्या बँडपैकी जे हयात होते आणि ज्यांचे दात शाबूत होते, ते वाजवणार होते. पुढे कोण उभं राहणार, एवढंच ठरायचं होतं. मास्तरांचे गुडघे आता ऐकत नव्हते.

मास्तर बँडमध्ये काहीच वाजवत नसत. पुढे उभे राहत. गावातल्या काही जणांना अजूनही वाटतं, की एवढं मोठं नाव माणसाने नुसतं उभं राहून कमावलं.

रेमंड मात्र त्याच बँडमध्ये ट्रंपेट वाजवत असे. आपण उत्तम वाजवतो, हे त्याला फार लवकर कळलं होतं.

“उभा राहून करशील काय?”

“वाजवीन, मास्तर. तुमचा वारस कोण, ते लोकांना दिसू दे तरी.”

“हं... आधी ऐकव.”

रेमंडने सीडी लावली. पहिल्या सुरापासून सगळं लखलखीत. मास्तरांनी डोळे मिटले.

“ट्रंपेट मोठं झालंय रे.”

“तेव्हा माइक लांब असायचा. माझ्यावर अन्यायच होता तो. दूर केला.”

अन्याय झालेला आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत बसले, की निकाल लवकर लागतो.

आतून नतालबायचा आवाज आला. नतालबाय म्हणजे मास्तरांची बायको.

“चांगलं वाजवतात हो. कोणाचा बँड?”

रेमंड हसला. “मावशी, मास्तरांचाच!”

“काहीतरीच. ह्यांचा असता तर मला कळलं नसतं?”

...

मास्तरांनी डोळे उघडले.

“सुरुवातीला ठक-ठक व्हायचं. ते कुठं गेलं?”

“काढलं!” रेमंड खुर्चीत पुढे सरकला. कोणीतरी हे विचारावं म्हणून तो केव्हाचा थांबला होता. “प्रत्येक गाण्याआधी होतं, मास्तर. लाकडी स्टेजवर कोणीतरी टाच आपटायचा. एकेक शोधून पुसून काढलं. आता शोधून डाग सापडायचा नाही.”

“कोण आपटायचा?”

“कोणास ठाऊक. तो ड्रमवाला कैतान असेल. त्याला शिस्त कधी होती?”

“तू तिथंच होतास ना?”

“होतो. पण माझं लक्ष लोकांकडे असायचं.”

“आणि सुरू कधी करायचं, ते?”

“ते... कळायचंच की.”

“कसं?”

 

मास्तरांनी हात लांब करून सीडी बंद केली. मग बसल्या बसल्या उजवा पाय जरा उचलला.

ठक.

...

ठक.

आत भांड्यांचा आवाज थांबला.

“हां, हा आपला! थांबा हो, आले मी.”

नतालबाय ओले हात पदराला पुसत दारात आली. “रेडिओवर ही टाच वाजली, की शेजारणींना हाक मारायचे मी. सुरू झाला म्हणून.”

आणि ती चौकटीला टेकून उभी राहिली. बँड सुरू व्हायची वाट बघत.

बँड सुरू झाला नाही.

रेमंडची नजर झाकणावरच्या फोटोवर गेली. बऱ्याच फोटोंतून तो त्यानेच निवडला होता. मास्तरांचे दोन्ही हात रिकामे होते. उजवी टाच उचललेली होती.



“अहो, लावा की पुढचं,” नतालबाय म्हणाली.

कोणी काही लावलं नाही. “सरबत तरी घेशील का रे?” असं म्हणून ती उत्तर न ऐकताच आत गेली.

“मास्तर... मूळ टेपा आहेत माझ्याकडे. परत घालतो.”

“घाल.”

“ट्रंपेटही होतं तेवढंच ठेवतो.”

“ठेव.”

...

रेमंडने पेटी बंद केली. ती उचलली, पुन्हा स्टुलावर ठेवली. आता विचारताना त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

“मग त्या दिवशी... मी उभा राहू?”

मास्तरांनी चष्मा डोळ्यांना लावला आणि त्याच्या पायांकडे पाहिलं.

“राहा की. ट्रंपेट घरी ठेव. बूट बदलून ये.”